रोझा पार्क्स नेमक्या कुठे बसल्या होत्या?

‘रोझा पार्क्स यांनी बसमधली आपली जागा गोऱ्या माणसाला द्यायला नकार दिला.’ इतिहासाच्या पेपरात हे वाक्य लिहायला अर्धं मिनिट पुरतं आणि गुणही मिळतात. आता हेच चित्रात काढायला बसा. पेन्सिल टेकायच्या आतच प्रश्न सुरू होतात. बस केवढी? सीटा कशा लावलेल्या? त्या खिडकीशी होत्या की मधल्या वाटेशी? शेजारी कोण होतं? तो गोरा माणूस कुठे उभा होता? बाहेर उजेड होता की अंधार? वाक्याला मोघम राहता येतं, चित्राला ती सोय नाही.

अमेरिकेतल्या शाळांमध्ये नागरी हक्कांच्या लढ्यावर मुलांकडून चित्रकथा किंवा छोटी ग्राफिक कादंबरी करून घेण्याची पद्धत आता चांगली रुळली आहे. लिटल रॉकची शाळा, ग्रीन्सबरोचं खानावळीतलं धरणं, बर्मिंगहॅमच्या रस्त्यावर उतरलेली पोरं असे विषय असतात, पण अलाबामा राज्यातल्या मॉंटगोमेरी शहरात कृष्णवर्णीयांनी घातलेला बस बहिष्कार सर्वांत आवडता. कारण तो सोपा वाटतो. एक बाई, एक बस, एक नकार. आणि नेमका म्हणूनच तो सर्वांत जास्त बिघडतो.

१ डिसेंबर १९५५, गुरुवार. बसमध्ये ३६ आसनं होती. पुढची १० गोऱ्यांची. ती रिकामी असली आणि मागे माणसं लोंबकळत असली तरी कृष्णवर्णीयांनी तिथे टेकायचं नाही. शेवटची १० कृष्णवर्णीयांची. मधली १६ ड्रायव्हरच्या मर्जीवर. पार्क्स बसल्या होत्या त्या मधल्या भागाच्या पहिल्या रांगेत, म्हणजे ‘गोऱ्यांच्या जागेवर’ त्या बसल्याच नव्हत्या. खिडकीशी एक पुरुष, त्याच्या शेजारी वाटेच्या बाजूला पार्क्स, वाटेच्या पलीकडे दोन बायका. एम्पायर थिएटरच्या थांब्यावर गोरे प्रवासी चढले, पुढच्या दहा जागा भरल्या आणि एक माणूस उभा राहिला. एकच. पण गोरा आणि काळा एका रांगेत बसू शकत नाहीत हा रिवाज, म्हणून त्या एकासाठी चौघांनी उठायचं. तिघं उठले. पार्क्स यांनी शेजारच्या माणसाला बाहेर पडायला वाट दिली आणि स्वतः उठायच्या ऐवजी खिडकीकडे सरकल्या.

‘जागा दिली नाही’ या वाक्यात हिशोब एकास एक वाटतो. चित्रात तो चारास एक होतो, आणि बसमधल्या वर्णभेदी कायद्याचा सगळा वेडगळपणा न बोलता दिसतो. पुढे कोर्टात पुरावा म्हणून दाखल झालेला बसचा आराखडा अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे आणि कुणालाही पाहता येतो. पहिल्या आठवड्यात मुलांकडून दुसरं काही काढून घेऊ नये, हेच घ्यावं: वरून दिसणारी बस, ३६ चौकोन, तीन रंगांच्या पेन्सिली. थांबा बदलला की नवा आराखडा. असे चार आराखडे झाले की अर्धी पटकथा लिहून झालेली असते.

उजेडाचंही तसंच. बहुतेक मुलं खिडकीबाहेर लख्ख दुपार काढतात, कारण रंगपेटीतला आकाशी रंग हाताशी असतो. पार्क्स दिवसभर एका मोठ्या दुकानात शिवणकाम करून संध्याकाळी सहाच्या सुमाराला घरी निघाल्या होत्या. डिसेंबरात तिथे सूर्य पाचाच्या आत मावळतो. म्हणजे बाहेर अंधार, आत दिव्यांचा उजेड, काचेवर आतल्याच माणसांची प्रतिबिंबं. दुकानं नाताळच्या खरेदीसाठी सजलेली. हे कळलं की पानाचा रंगच पालटतो. आणि खिडकीकडे तोंड करून बसलेल्या बाईला बाहेरचं शहर दिसत नाही, मागे उभा असलेला ड्रायव्हर काचेत दिसतो. अशी चौकट कल्पनेतून सुचत नाही, सूर्यास्ताची वेळ शोधल्यावर सुचते.

आता फोटोंचा सापळा. पार्क्स बसमध्ये खिडकीशी बसल्यात, बाहेर बघतायत आणि मागच्या सीटवर एक गोरा माणूस आहे, हा फोटो जगभर छापला गेला. दर दुसऱ्या चित्रकथेत तोच नकाराच्या प्रसंगासाठी उतरवलेला सापडतो. तो फोटो २१ डिसेंबर १९५६ चा आहे, म्हणजे बहिष्कार जिंकून संपल्यानंतरचा, आणि खास फोटोसाठी काढलेला. मागचा तो माणूस चिडलेला प्रवासी नाही, वृत्तसंस्थेचा बातमीदार आहे. बोटांचे ठसे देतानाचा फोटोही अटकेच्या रात्रीचा नाही. तो २२ फेब्रुवारी १९५६ चा. बहिष्कार बेकायदा ठरवायला १९२१ चा एक जुना कायदा उकरून काढून पुढाऱ्यांवर खटले भरले, तेव्हाचा. ७०५३ क्रमांकाची पाटी धरलेला फोटोही त्याच दिवसाचा. म्हणजे पहिल्या अटकेच्या पानावर ही पाटी काढली तर ती जवळपास तीन महिने आधी उगवते.

यावर साधा उपाय आहे. प्रत्येक संदर्भचित्रामागे पेन्सिलने तीन गोष्टी लिहायच्या: कधी काढलं, कुणी काढलं, कशासाठी काढलं. तिसऱ्या रकान्यात काहीच लिहिता येत नसेल तर ते चित्र भिंतीवर लावायचं, टेबलावर घ्यायचं नाही. वृत्तसंस्थांच्या फोटोंवर हक्क राखीव असतात हेही ध्यानात ठेवावं. वर्गापुरतं ठीक, पण छापून विकायचं असेल तर फोटो जसाच्या तसा गिरवून चालत नाही. चार-पाच फोटो बघून, बसच्या आराखड्यावरून कोन बदलून काढलेलं चित्र आपलं होतं, आणि सहसा चांगलंही होतं.

चित्रकथेचं आणि या लढ्याचं नातं जुनं आहे. १९५७ च्या डिसेंबरात फेलोशिप ऑफ रिकन्सिलिएशन या शांततावादी संस्थेने मॉंटगोमेरीची हकीकत सांगणारं १६ पानी रंगीत कॉमिक काढलं. किंमत १० सेंट, त्या वेळच्या बसच्या तिकिटाएवढी. अडीच लाखांच्या आसपास प्रती चर्च आणि शाळांमधून हातोहात गेल्या. त्यात गांधींवर काही पानं होती आणि शेवटी चक्क कृती दिली होती: अहिंसक प्रतिकार कसा करायचा, पायरीपायरीने. ते वाचणाऱ्या पोरांत जॉन लुईस होते. पुढे ते खासदार झाले आणि उतारवयात त्यांनी स्वतःच्या आठवणींची तीन भागांची चित्रकथा सहकाऱ्यांबरोबर केली. तिच्या तिसऱ्या भागाला २०१६ चा नॅशनल बुक अवॉर्ड मिळाला.

सोळा पानं हा आकडाही उगाच नव्हता. छापखान्यात काम केलेल्या कुणालाही विचारा, सोळाचा फर्मा (एकाच मोठ्या कागदावर छापून दुमडलेली पानं) सुटसुटीत. शाळेतल्या झेरॉक्स मशीनलाही तो मानवतो. ए-फोरचे चार कागद, दोन्ही बाजूंनी छापून मधोमध दुमडले की ए-फाइव्ह आकाराची १६ पानं. पानं लावताना एकच सूत्र: एका बाजूवर येणाऱ्या दोन पानांची बेरीज नेहमी १७. सोळाबरोबर एक, दोनबरोबर पंधरा, चौदाबरोबर तीन. हे सूत्र ठाऊक नसलं की सातवं पान अकराव्याच्या जागी जातं आणि बहिष्काराचे पुढारी मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बहिष्कार सुरू होण्याआधीच बाँब पडतो. छापण्याआधी कोरे चार कागद दुमडून, पानांचे आकडे घालून नमुना करायला पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं कुणी देत नाही.

मूळ चित्र ए-फोरवर काढावं आणि झेरॉक्सवर ७१ टक्के करून ए-फाइव्ह करावं. लहान होताना हाताची थरथर लपते. पण ०.१ च्या पेनाची रेघही त्यात हरवते, म्हणून बारीक कामालाही ०.३, चेहऱ्यांच्या कडांना ०.५. पेन्सिलचं शेडिंग झेरॉक्समध्ये मातकट डाग होऊन येतं, सावली रेघांनीच करावी. चारी बाजूंनी किमान एक सेंटिमीटर मोकळं सोडावं, मशीन कडेचे चार-पाच मिलिमीटर छापतच नाही. शाळेचा स्टेपलर मधल्या दुमडीपर्यंत पोचत नाही. तो उघडून, खाली थर्माकोल ठेवून पिना टोचाव्यात आणि टोकं पट्टीने दाबून वाकवावीत. नाहीतर सुई-दोरा आहेच.

काळ्या-पांढऱ्या छपाईत सर्वांत अवघड काम चेहऱ्यांचं, आणि ते केवळ तंत्राचं नाही. माणसाच्या त्वचेवर काही न काढता कागद कोरा सोडला की तो गोरा दिसतो, असं आपण गृहीत धरतो. मग कृष्णवर्णीय माणूस दाखवायला मुलं चेहऱ्यावर आडव्या रेघा मारत सुटतात. डोळे, ओठ, भाव सगळं त्या जाळीत बुडतं, आणि पानभर फक्त गोऱ्यांचेच चेहरे वाचता येतात. लढा ज्यांचा, त्यांचेच चेहरे गायब. दुसरं टोक म्हणजे जाड ओठ, बटबटीत डोळे. हा अमेरिकन व्यंगचित्रांचा जुना वंशवादी साचा आहे आणि तो न कळत हातातून उतरतो. मार्ग असा: पातळ शाई पाण्यात मिसळून एकच सपाट करडी छटा त्वचेवर द्यायची, रेघांचं काम फक्त सावलीच्या बाजूला. झेरॉक्सला करडं झेपत नसेल तर उलटं करावं. सगळ्यांचेच चेहरे रेघेत मोकळे ठेवावेत आणि ओळख केस, चष्मा, टोपी, बांधा यांवर सोपवावी. पार्क्स यांचा चष्मा आणि मागे वळवून बांधलेले केस एवढ्यावर त्या १६ पानं ओळखू येतात. प्रत्येक मुख्य माणसाचा समोरून, बाजूने आणि पाठमोरा असा तीन चित्रांचा तक्ता आधी करून गटातल्या सगळ्यांना एकेक प्रत द्यावी. चौघांनी चार पार्क्स काढल्या की वाचक चार वेगळ्या बायका मोजतो.

फुग्यातल्या शब्दांकडे वळलं की मराठीत आणखी एक पेच. अटक करायला आलेल्या पोलिसाला पार्क्स यांनी विचारलं होतं, की तुम्ही आम्हाला असं का ढकलत राहता? तो म्हणाला, ते मला माहीत नाही, पण कायदा तो कायदा, आणि तुम्हाला अटक झाली आहे. हा संवाद त्यांनीच आपल्या आठवणींत सांगितला आहे. पण इंग्रजीत दोन्हीकडे एकच ‘यू’. मराठीत पोलीस ‘तुम्हाला’ म्हणेल की ‘तुला’? इथे इतिहास बघावा लागतो. अमेरिकेच्या दक्षिणेत त्या काळी गोरा माणूस कृष्णवर्णीय बाईला, ती बेचाळीस वर्षांची, नोकरदार, विवाहित असली तरी, ‘मिसेस’ लावत नसे. थेट नावाने हाक. उलट बाजूने मात्र ‘सर’, ‘मॅडम’. तेव्हा ड्रायव्हर आणि पोलीस ‘तू’ म्हणतील, पार्क्स ‘तुम्ही’ म्हणतील. वर मी पोलिसाच्या तोंडी ‘तुम्हाला’ घातलं, ते माझ्या तोंडचं वळण. चित्रकथेच्या फुग्यात ते चूक ठरेल. एका अक्षराच्या फरकाने पूर्ण समाजव्यवस्था पानावर येते, आणि इंग्रजी मूळात ती अशी दिसतच नाही. अरे-तुरे कुणी कुणाला करायचं हे आपल्या गावगाड्याला सांगावं लागत नाही, म्हणून मराठी मुलांना हा फरक पटकन उमगतो. महाडच्या २० मार्च १९२७ वर चित्रकथा करायला घेतली तरी पहिला घोळ सर्वनामांचाच होईल.

सगळेच संवाद असे नोंदलेले नसतात. उरलेले रचावे लागतात, आणि तिथे प्रामाणिक राहायचं तर फुग्यांचे प्रकार ठरवून घ्यावेत. नोंदलेलं बोलणं अखंड रेघेच्या फुग्यात, आपण रचलेलं तुटक रेघेच्या, निवेदन चौकोनात. वाचकाला हे दुसऱ्या पानाच्या तळाशी एका ओळीत सांगायचं. एका फुग्यात पंचविसाच्या वर शब्द नकोत, एका पानावर सहाच्या वर चौकटी नकोत. मराठीत जागा आणखी लागते. वर वेलांटी आणि रफार, खाली उकार, त्यामुळे दोन ओळींतलं अंतर इंग्रजीपेक्षा निम्म्याने वाढवावं, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या मात्रेत अडकतो. आधी अक्षरं लिहावीत, मग त्यांच्याभोवती फुगा काढावा. उलटं केलं की शेवटचा शब्द मुंगीएवढा होऊन कोपऱ्यात चेपतो. संगणकावर अक्षरं लावणाऱ्यांनी जोडाक्षरं फुटलेली नाहीत ना ते छापून तपासावं, पडद्यावर बघून नाही.

एवढं केलं तरी मुख्य चूक राहतेच, ती पानांच्या वाटणीतली. १६ पैकी १० पानं त्या एका संध्याकाळवर जातात, दोन पानं किंग यांच्या भाषणावर, आणि ३८१ दिवस एका चौकटीत: ‘लोक वर्षभर चालत राहिले.’ खरी गोष्ट तिथे आहे. अटकेच्याच रात्री अलाबामा स्टेट कॉलेजमधल्या प्राध्यापिका जो ॲन रॉबिन्सन यांनी एक सहकारी आणि दोन विद्यार्थी घेऊन कॉलेजच्या सायक्लोस्टाइलवर हजारो पत्रकं काढली, पहाटेपर्यंत. सायक्लोस्टाइल म्हटलं की आपल्याकडच्या जुन्या कार्यकर्त्यांच्या नाकात शाईचा वास येईल. मुलांना मात्र ते यंत्र शोधून बघावं लागतं: मेणकागदावर टंकलेखनाचे घाव, फिरता रूळ, काळी बोटं. त्या पत्रकात रोझा पार्क्स हे नाव नाही. ‘आणखी एका निग्रो बाईला अटक’ एवढंच आहे, आणि नाव आहे ते क्लॉडेट कोल्विनचं. ती १५ वर्षांची शाळकरी मुलगी, त्याच वर्षी २ मार्चला बसमधून न उठल्याबद्दल पकडली गेलेली. पुढे बसमधला भेदभाव घटनाबाह्य ठरवणारा खटला चालला तो कोल्विन आणि आणखी तीन बायकांच्या नावावर, पार्क्स त्यात वादी नव्हत्या. १६ पानांत कोल्विनला दोन पानं मिळत नसतील तर गोष्ट सजावटीची झाली असं मी समजेन. (‘निग्रो’ हा शब्द पत्रकात, फलकावर, त्या काळच्या तोंडी तसाच ठेवावा. निवेदनात कृष्णवर्णीय. दोन्हींची सरमिसळ केली की कोण बोलतंय ते कळेनासं होतं.)

मग व्यवस्था. टॅक्सीवाल्यांनी सुरुवातीला बसच्याच भाड्यात, १० सेंटमध्ये लोक नेले, तेव्हा शहराने किमान ४५ सेंटचा नियम पुढे केला. त्यावर खासगी गाड्यांचा ताफा उभा राहिला, तीनशेच्या आसपास गाड्या, चाळीसहून जास्त थांबे. चर्चच्या नावावर स्टेशन वॅगन घेतल्या. स्थानिक कंपन्यांनी त्यांचा विमा रद्द केला, तर तो लंडनच्या लॉइड्सकडून मिळवला. पेट्रोलला पैसे हवेत, म्हणून जॉर्जिया गिल्मोर या स्वयंपाकिणीने बायका जमवून तळलेलं चिकन, ‘पाई’ हा भाजलेला पदार्थ आणि केक विकले. गटाचं नाव ‘क्लब फ्रॉम नोव्हेअर’, म्हणजे पैसे कुठून आले असं कुणी विचारलं तर कुठूनच नाही. पोरांना वाटतं यात काढण्यासारखं काय? नकाशा, वेळापत्रक, विम्याचा कागद, केकचा डबा, डब्याखाली नोटा. याच वस्तू मोठ्या काढा, चौकटभर, माणसाशिवाय.

३८१ दिवसांसाठी एक चांगली युक्ती म्हणजे चौकटीच ३८१ करणं. १९ उभ्या, २० आडव्या रांगा, ३८० घरं. ए-फोरच्या मूळ चित्रात नऊ मिलिमीटरचं घर आरामात बसतं. एकेका घरात बूट, छत्री, चाक, पायरी. आठ-दहा चित्रं फिरवून वापरली तरी चालतात, रस्ता तोच तर होता. ३८१ वं घर पान उलटल्यावर, एकटं. मोजताना पोरांचं गणित एकाने चुकतं, कारण १९५६ लीप वर्ष होतं. ५ डिसेंबर १९५५ पासून मोजून २० डिसेंबर १९५६ धरायचा नाही, की आकडा जुळतो.

कामाची आखणी करताना पहिलं पान आधी काढू नये. पहिल्या पानावर आठवडा जातो आणि शेवटची पाच एका रात्रीत उरकली जातात, हे वाचकाला लगेच कळतं. सातव्यापासून सुरुवात करावी, हात बसला की पहिलं. मुखपृष्ठ सर्वांत शेवटी.

उरतं सोळावं पान. तो खिडकीतला २१ डिसेंबरचा फोटो तिथे खरं तर योग्य तारखेला येतो, पण त्यावर संपवलं तर लबाडी होते. त्यानंतरच्या दिवसांत बसवर गोळ्या झाडल्या गेल्या, जानेवारीत चर्चवर बाँब पडले. पार्क्स यांची नोकरी केव्हाच गेली होती. १९५७ मध्ये त्या गाव सोडून डेट्रॉइटला गेल्या. हे सगळं पंधराव्यावर घेता येईल. सोळाव्यासाठी बसचीच एक गोष्ट आहे. २८५७ क्रमांकाची ती बस १९७१ च्या सुमाराला सेवेतून निघाली, एका माणसाने विकत घेतली आणि ती शेतात उभी राहिली. आत अवजारं आणि लाकडं ठेवायला. खिडक्या फुटल्या, पिवळा-हिरवा रंग उडाला. ती तीच बस हे पटलं ते एका डेपो व्यवस्थापकाच्या कात्रणवहीमुळे. अटकेच्या बातमीशेजारी त्याने हाताने लिहून ठेवलं होतं: ब्लेक, २८५७. ब्लेक हे त्या ड्रायव्हरचं नाव. २००१ मध्ये हेन्री फोर्ड संग्रहालयाने ती लिलावात ४ लाख ९२ हजार डॉलरला घेतली.

तर सोळाव्या पानावर एकच चौकट, शेतातली बस, फुगा नाही. चार पोरांत वाद होतो तो आतल्या सीटांवरून. त्या तेव्हाही जागेवर होत्या की काढून टाकलेल्या? पाठमोरी बस काढली तर हा प्रश्न टळतो. पण मग त्या रांगेची खिडकी दिसत नाही.